मैदान दिवाणखान्यात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सांगली) : ओटीटी अ‍ॅपवरून खेळावरचे पाच सिनेमे फोनमध्ये डाउनलोड करून ठेवले आहेत. ते पेन ड्राइव्हवर घेता येत नाहीत. अडॅप्टर लावून फोन टीव्हीला जोडला, तर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. फोन बिघडला आहे का?

उत्तर : फोन ठणठणीत आहे, त्यावर खर्च करू नका. अ‍ॅपमधली फाइल कुलूपबंद असते आणि किल्ली त्याच अ‍ॅपकडे, त्याच फोनपुरती असते. ती फाइल सापडली आणि कॉपी झाली, तरी टीव्हीला वाचता येणार नाही. काळ्या पडद्याचं कारणही तेच. चित्र बाहेर सोडण्यापूर्वी अ‍ॅप समोरच्या जोडणीची खात्री करून घेतं आणि साधे अडॅप्टर तिथेच अडतात.

टीव्हीवर तेच अ‍ॅप उघडून त्याच खात्याने सिनेमा लावणं, हा सरळ मार्ग. वायफाय नसेल तर फोनचा हॉटस्पॉट चालतो, पण हिशेब करून. एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. ‘लगान’ ३ तास ४४ मिनिटांचा आहे, म्हणजे तो ११ जीबीच्या आसपास जाईल. रोज २ जीबी मिळणाऱ्या पॅकवर तो मध्यंतरापर्यंतही पोचणार नाही. अ‍ॅपमध्ये चित्राचा दर्जा एसडी, म्हणजे एचडीपेक्षा कमी स्पष्ट, केला की डेटा सुमारे एक तृतीयांश लागतो.

प्रश्न (चिपळूण) : कुस्तीवरचा एक माहितीपट विकत घेऊन डाउनलोड केला. फाइल ७ जीबीची आहे. ६४ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर ती जात नव्हती. दुसऱ्या ड्राइव्हवर गेली, तर टीव्हीवर चित्र दिसतं, आवाज नाही. दुकानदार टीव्हीचा बोर्ड बदलायला सांगतो आहे.

उत्तर : बोर्ड मुळीच बदलू नका. या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि दोन्ही घरी सुटतात.

पहिला पेन ड्राइव्ह ‘फॅट३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही, मग जागा कितीही मोकळी असो. ड्राइव्हवरचं सगळं आधी दुसरीकडे काढून घ्या, कारण फॉरमॅट केल्यावर ते पुसलं जातं. मग विंडोज संगणकावर ड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टममध्ये ‘एक्सफॅट’ आणि स्टार्ट. जुन्या टीव्हीने एक्सफॅट ओळखलं नाही, तर ‘एनटीएफएस’ करून पाहा. कॉपी झाल्यावर ‘इजेक्ट’ केल्याशिवाय ड्राइव्ह उपसू नका. अर्धवट लिहिलेली फाइल नेमकी अटीतटीच्या क्षणी थांबते.

आता आवाज. चित्र आहे आणि आवाज नाही, म्हणजे बहुधा आवाज ‘डीटीएस’ प्रकारात आहे. अनेक टीव्हींमध्ये तो वाचण्याची सोयच नसते. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाइल लावा आणि टूल्समधल्या ‘कोडेक इन्फर्मेशन’मध्ये आवाजाचा प्रकार पाहा. डीटीएसच निघाला, तर आधी रिमोटवरून दुसरा ऑडिओ ट्रॅक निवडून बघा, फाइलमध्ये कधीकधी दोन असतात. नसेल आणि टीव्ही अँड्रॉइडचा असेल, तर टीव्हीवर व्हीएलसी घ्या. ते स्वतःच डीटीएस उलगडतं. तेही जमत नसेल, तर संगणकावरच्या ‘हँडब्रेक’ या मोफत प्रोग्रॅममध्ये ऑडिओला ‘एएसी’ (टीव्हींना सहसा वाचता येणारा आवाजाचा प्रकार) निवडून नवी फाइल बनवा. यात चित्रही नव्याने बांधलं जातं, म्हणून वेळ बराच लागतो. रात्री लावून ठेवावं.

प्रश्न (नाशिक) : नव्या टीव्हीवर क्रिकेटचा सामना छान दिसतो, पण क्रिकेटवरचा सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. धावणाऱ्या खेळाडूच्या पायांभोवती चित्र विरघळतं.

उत्तर : सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या अंदाजाने जादा चित्रं भरतो. पाय किंवा बॅट वेगाने फिरली की अंदाज चुकतो आणि कडा विरघळतात. ही सोय सोनीवर ‘मोशनफ्लो’, एलजीवर ‘ट्रूमोशन’ अशा नावाने असते. सिनेमासाठी ती बंद करा, किंवा ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा. थेट सामन्यासाठी थोडी ठेवायला हरकत नाही. अनेक टीव्ही प्रत्येक एचडीएमआय पोर्टची सेटिंग वेगळी लक्षात ठेवतात, तेव्हा सेट-टॉप बॉक्सला एक आणि सिनेमाला दुसरी ठेवता येते.

वरखालच्या काळ्या पट्ट्या घालवायला झूम वापरू नका. रुंद चौकटीच्या सिनेमात दोन्ही बाजू कापल्या जातात आणि सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षकच दिसेनासा होतो.

प्रश्न (पणजी) : साउंडबार ब्लूटूथने जोडला आहे. बॅटला चेंडू लागलेला आधी दिसतो, आवाज मागून येतो. प्रेक्षकांचा गलका मोठा आणि संवाद पुसट.

उत्तर : ब्लूटूथ सोडा. आवाज बांधून पाठवणं आणि पलीकडे उलगडणं यात सेकंदाचा दहावा-पाचवा भाग सहज जातो. बॅटच्या टोल्याला तेवढा उशीरही खटकतो. टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआय पोर्टवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ (म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारं पोर्ट) लिहिलं आहे, त्यातूनच साउंडबारच्या तशाच पोर्टला केबल जोडा. शेजारच्या पोर्टमध्ये घातली तर काहीच ऐकू येत नाही, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘सीईसी’ ही टीव्ही आणि साउंडबार यांना एकमेकांशी बोलू देणारी सोय चालू करा (सॅमसंगवर तिचं नाव ‘अ‍ॅनीनेट प्लस’, एलजीवर ‘सिंपलिंक’) आणि ऑडिओ आउटपुट एआरसी निवडा. तरीही उशीर राहिला, तर साउंडबारचा ‘ऑडिओ डिले’ शून्यावर आहे ना ते पाहा. ती सोय आवाज मागे ढकलते, पुढे आणत नाही.

संवादासाठी साउंडबारवरचा ‘व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ मोड लावा. ‘नाइट मोड’ने गलका दबतो. बार कपाटाच्या खणात आत सरकवलेला असेल, तर कडेपर्यंत पुढे ओढा. सबवूफर कोपऱ्यात असेल, तर फूटभर बाहेर काढा, कोपऱ्यात त्याची घुमघुम वाढते आणि शब्द बुडतात. फरशी उघडी असेल तर बार आणि बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी अंथरा. तिने होणारा फरक महागड्या केबलने होत नाही.