म्हाडाच्या घरासाठी वशिला लागतो का, आणि घर लागल्यावर इमारत कोण सांभाळते?

घरांच्या कितीतरी पट अर्ज येत असताना वशिल्याशिवाय नंबर लागतो का आणि ताबा मिळाल्यानंतर इमारतीची देखभाल कोण करते, असे आपण विचारले आहे. मिरजेतील अशाच एका इमारतीत मला सोडतीत घर लागले आणि पुढे सहा वर्षे मी तेथील संस्थेचा सचिव होतो, त्या अनुभवावर हे उत्तर देत आहे.

वशिला लागत नाही. सोडत संगणकावर निघते. म्हाडाने कोणीही दलाल नेमलेला नाही, असे प्रत्येक जाहिरातीत छापलेले असते आणि तरीही लोक पैसे देऊन बसतात. गर्दीचे म्हणाल तर मुंबईत 2024 च्या सोडतीत 2,030 घरांसाठी एक लाखाहून अधिक अर्ज आले होते. आपल्याकडे तेवढी चढाओढ नसते. सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे म्हाडाच्या पुणे मंडळात येतात, परंतु त्या मंडळाकडील अर्जदारांचा ओढा मुख्यतः पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडे असतो. न खपलेली घरे ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ या पद्धतीने दिली जातात, आणि त्यात सदनिका स्वतः निवडता येते. सांगलीकरांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको, कारण ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फूट ओलांडल्यापासून येथे कोणत्याही घराविषयी पहिला प्रश्न ‘एकोणीसला पाणी कुठपर्यंत होते?’ हाच असतो.

अर्ज बाद होतो तो बहुतेक वेळा उत्पन्न गटामुळे. मुंबई, पुणे आणि नागपूर महानगर प्रदेशांबाहेर, म्हणजे आपल्याकडे, अत्यल्प गटाची वार्षिक मर्यादा 4.5 लाख, अल्प गटाची 7.5 लाख आणि मध्यम गटाची 12 लाख रुपये आहे, आणि उत्पन्न पती-पत्नी दोघांचे मिळून धरतात. माझ्या परिचयातील एका रुग्णालय कर्मचाऱ्याने केवळ स्वतःचा पगार दाखवला, पत्नीची शाळेतील नोकरी तपासणीत निघाली आणि अर्ज तेथेच थांबला. 2023 पासून कागदपत्रे सोडतीच्या आधीच तपासली जातात, ही सुधारणा मला सर्वांत मोलाची वाटते, कारण पूर्वी नंबर लागल्यानंतर माणूस अपात्र ठरत असे आणि ते घर प्रतीक्षा यादीच्या घोळात अडकून पडत असे.

आता व्यवस्थापनाविषयी. सुरुवातीला इमारत मंडळाकडे असते, आणि 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली गृहनिर्माण संस्था नोंदली गेली की सगळा भार रहिवाशांवर येतो. आमच्या 32 सदनिकांपैकी पहिल्या वर्षी जेमतेम निम्म्यांत माणसे राहायला आली होती. बाकीच्यांना कुलपे होती. पाण्याची मोटर मात्र एकच, तिचे बिल सामाईक, आणि राहत नसलेले सभासद ‘आम्ही पाणी वापरतच नाही’ म्हणून वर्गणी देत नसत. दोन बिले थकल्यावर एका सकाळी वीज मंडळाचा माणूस जोडणी तोडायला आला, तेव्हा जिन्यात उभे राहून आम्ही घरोघरी पाचशे-पाचशे रुपये गोळा केले होते.

त्याहून मोठा त्रास मुखत्यारपत्रावर झालेल्या व्यवहारांचा. सोडतीतील घर पाच वर्षे विकता येत नाही, म्हणून काहींनी मुखत्यारपत्र करून ताबा देऊन टाकला. प्रत्यक्ष राहणारा माणूस संस्थेच्या दप्तरात सभासद नसतो, त्यामुळे थकबाकीची नोटीस मूळ मालकाच्या जुन्या पत्त्यावर जाते आणि तशीच परत येते. घर भाड्याने दिले असल्यास निदान नियम स्पष्ट आहे: संस्थेला सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत ना-वहिवाट शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क, आकारता येते. ते लागू केल्यावर दोन मालकांनी मला बरेच बोल लावले, पण बिल थकणे थांबले.

आपण निवड करता येण्यासारख्या योजनेत अर्ज भरणार असाल, तर संध्याकाळी सातच्या सुमारास त्या इमारतीसमोर जाऊन किती खिडक्यांत दिवे लागले आहेत ते मोजावे, आणि मोटरीची किल्ली कोणाकडे असते ते तळमजल्यावर विचारावे.