रडलं तर कॅन्सर वाढतो का?

"मॅडम, मी रडले तर औषध लागू पडणार नाही का हो?" कॅन्सर विभागात समाजसेवक म्हणून काम करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की आत येणाऱ्याच्या ओढूनताणून आणलेल्या हसण्यावरूनच तो मला ओळखू येतो.

त्या ताईंची तिसरी केमो होती. मनावरचा ताण आम्ही ० ते १० अशा पट्टीवर विचारतो. ४ किंवा त्याच्या वर गेला, की नीट बसून बोलायचं. ताईंनी २ वर खूण केली. पट्टीखालच्या अडचणींच्या यादीत मात्र झोप, पैसे, मुलं, भीती, सगळ्यांवर खुणा. मी आकडा सोडला आणि यादी धरली.

"घरी रडता कुठे?"

"बाथरूममध्ये. नळ सोडून."

पुढच्या भेटीला त्यांना विचारून पतींनाही बोलावलं. ते बिलांवरच बोलत राहिले. मी गप्प होते. (गप्प बसायला शिकण्यातच माझी बरीच वर्षं गेली.) मग फाइलची नाडी बोटाला गुंडाळत ते म्हणाले, "अर्धा अर्धा तास नळ चालू असतो. मी दाराबाहेरच उभा असतो."

"मग हाक का नाही मारलीत?" ताईंनी विचारलं.

"तू खचशील म्हणून."

दोघंही रडली. मी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे केला नाही. ते रडू थांबवणं माझं काम नव्हतं.

रडल्याने गाठ वाढत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोकं-मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. मनःस्थिती चांगली की वाईट, यावरून कोण किती जगेल हे ठरत नव्हतं. म्हणून "खंबीर राहा" हे वाक्य मी कधीच वापरत नाही. त्याने रुग्ण एकटा पडतो. बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या शुश्रूषेची आधुनिक चळवळ उभी करणाऱ्या सिसिली सॉण्डर्स डॉक्टर होण्याआधी रुग्णालयात समाजसेविका होत्या. शरीर, मन, घर, श्रद्धा या सगळ्यांचं मिळून एकच दुखणं असतं, ही त्यांची मांडणी मला रोज पटते. पैशाचा घोर असेल तर मदतीचे अर्ज आम्ही सोबत बसून भरतो. मुलांना त्यांच्या वयाला झेपेल असं, पण खरं सांगा, असं आईवडिलांना सांगतो. जगणंच नकोसं वाटू लागलं, तर मात्र एक दिवसही न थांबता डॉक्टरांना सांगा.

चौथ्या केमोला ताईंनी ६ वर खूण केली आणि पेन पतींच्या हातात दिलं. त्यांनी ७ वर केली.