कंटाळवाणं काम आणि थोडी गंमत
रोज तेच ते काम, मन लागत नाही, असं तुझं म्हणणं. आवड आपोआप लागेल म्हणून वाट बघत बसू नकोस. काम जरा अवघड करून बघ. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात हेच मांडलं: काम आपल्या कौशल्याच्या मानाने फार सोपं असलं की कंटाळा येतो, फार अवघड असलं की धास्ती वाटते. या दोन्हींच्या मधे माणूस तहानभूक विसरतो.

समजा, एक्सेलमध्ये बिलं चढवायची आहेत. माउसला हातच लावायचा नाही असं ठरव. कंट्रोल आणि खालचा बाण दाबला की थेट भरलेल्या रकान्याच्या तळाशी. कंट्रोल-डी दाबलं की वरच्या चौकटीतलं खाली उतरतं. सुरुवातीला वेग कमी होईल, चिडचिडही होईल. होऊ दे. बोटांना सवय लागली की कामात मजा येते, आणि ते हातावेगळंही लवकर होतं.

पंचवीस मिनिटांचा गजर लावून बसणंही बऱ्याच जणांना मानवतं. मला मात्र ऐन रंगात आल्यावर वाजणारा गजर नकोसा होतो. आणि हो, खरं दुखणं पगाराचं किंवा साहेबाचं असेल, तर यातलं काहीच लागू पडणार नाही; ते सरळ बोलून टाक.