जेवणाच्या जागेला गडद रंग दिला तर ती लहान वाटेल का? कमी खर्चात घरच्या घरी काय करता येईल?

लहान वाटणार नाही, फक्त चारही भिंती रंगवू नका. हॉलच्या टोकाला टेबल मांडलंय, सगळीकडे क्रीम रंग आहे आणि ती जागा जेवणाची वाटतच नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग टेबलामागची एकच भिंत घ्या आणि तिला मनसोक्त रंग द्या. डाळिंबी, मोरपंखी, आमसुली, कोनफळी. साडीत हे रंग आपण हौसेने नेसतो, भिंतीवरही ते तितकेच खुलतात. माझ्या घरी डाळिंबी आहे.

शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनावरून मात्र ठरवू नका. रंगाचा छोटा डबा आणा, मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, तो टेबलामागे टेकवा आणि रात्री दिवे लावून बघा. घरातले सगळे एकत्र जेवतात ते बहुतेक रात्रीच. पांढऱ्या ट्यूबखाली डाळिंबी मळकट दिसतो; 2700 ते 3000 केल्विनच्या पिवळसर एलईडीखाली तोच उजळून निघतो. त्यामुळे भिंतीच्या आधी दिव्याचं बघा.

दिव्याला शेड म्हणून बांबूची रोवळी वापरा. तांदूळ धुवायची, बुरुडाकडे मिळते ती. बुडाला होल्डरपुरतं भोक पाडायचं आणि उलटी टांगायची. टेबलापासून अडीच फूट वर ठेवली की डोळ्यांवर उजेड येत नाही आणि समोरच्याचा चेहराही झाकला जात नाही. विणीतून पडणारी सावली गडद भिंतीवर फार देखणी दिसते. आत एलईडीच लावा, साधा तापणारा बल्ब बांबूजवळ नको. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

आता रंगकाम. भिंतीला ओल नाही ना, हे आधी तपासा: प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवा. आतल्या बाजूला पाणी धरलं, तर आधी ओलीचा बंदोबस्त. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका. भेगा पुट्टीने भरा, पॉलिश पेपर मारा, प्रायमर द्या. 10 बाय 9 फुटांच्या भिंतीला दोन हातांसाठी लिटरभर इमल्शन साधारण पुरतं, पण लाल छटांना बरेचदा तिसरा हात लागतो. तेव्हा थोडा जास्तच आणा आणि सगळा रंग एकाच बादलीत मिसळून घ्या, म्हणजे दोन डब्यांतला फरक भिंतीवर दिसत नाही. रोलर मारताना पंखा बंद ठेवा. गडद रंगात कडा लवकर वाळली की जोडाचा पट्टा उमटतो. अगदी मॅट फिनिशही घेऊ नका. खुर्चीची पाठ घासते, आमटीचे शिंतोडे उडतात. पुसता येईल असा हलक्या चमकेचा बरा.

भिंतीवर लावायला मी सुचवेन ते खणाचं कापड. कर्नाटकातल्या गुळेदगुड्ड गावचा खण आता मीटरवर सहज मिळतो. मोरपंखी भिंतीवर हळदी खण, डाळिंबीवर हिरवा. प्लायचा तुकडा कापून घ्या, कापड उलट्या बाजूने इस्त्री करा आणि मागून स्टेपल मारत ताणा. आधी चारही बाजूंचे मध्य, मग कोपऱ्यांकडे. खणावरची बुट्टी ओळीत असते, त्यामुळे कापड जरा तिरकं गेलं तरी लगेच डोळ्यांत भरतं. प्लायच्या कडेशी एक ओळ समांतर धरून सुरुवात करा. फेविकॉल लावू नका, डाग पुढे येतो. असे तीन चौकोन ओळीने लावले की वेगळ्या चित्राची गरज उरत नाही.

खुर्च्या लाकडी असतील तर त्याही रंगवता येतात, पण भिंत झाल्यावर महिनाभर थांबा. रंगीत भिंतीपुढे जुनं सागवान इतकं छान उठतं की त्याला हात लावावासा वाटत नाही.