मेलेला कावळा दिसला तर कुणाला सांगायचं?

प्रश्न: लेकीकडे न्यू जर्सीत एडिसनला आलेय सहा महिन्यांसाठी. गेल्या आठवड्यात मागच्या लॉनवर कावळा मरून पडला होता, मी सुपलीने उचलून कचऱ्यात टाकणार तेवढ्यात लेक ओरडली, आई हात लावू नकोस, आणि तिने चक्क हेल्थ डिपार्टमेंटला फोन लावला. त्यांनी पत्ता, कधी दिसला, अजून किती दिसले, सगळं लिहून घेतलं. इथल्या डासांमधे वेस्ट नाईल सापडलाय म्हणे. पण डास चावणार माणसाला, ताप येणार माणसाला, मग हे लोक कावळे का मोजतायत? (एक काकू, मूळ नाशिकच्या)

उत्तर: काकू, लेकीने अगदी बरोबर केलं. वेस्ट नाईल हा मुळात पक्ष्यांचा व्हायरस आहे. क्युलेक्स डास पक्ष्याला चावतो, पक्ष्याच्या रक्तात व्हायरस भरमसाट वाढतो, मग दुसरा डास तिथून उचलतो आणि पुढच्या पक्ष्याला देतो, हे चक्र उन्हाळाभर फिरत राहतं. माणूस आणि घोडा त्यात मधेच सापडतात. आपल्या रक्तात तो इतका वाढतच नाही की आपल्याला चावलेला डास तो पुढे नेईल. म्हणजे माणूस आजारी पडला याचा अर्थ पक्ष्यांमधे हे केव्हाचं चालू आहे.

आणि माणसं मोजायला गेलं तर हाती काय लागतं बघा. व्हायरस शिरलेल्या १०० पैकी साधारण ८० जणांना काहीच होत नाही, २० जणांना ताप, अंगदुखी येते आणि ते घरीच झोपून बरे होतात, दीडशेत एखाद्याच्या मेंदूपर्यंत जातो. तोच एक हॉस्पिटलला पोचतो. त्यातही डास चावल्यापासून ताप येईपर्यंत २ ते १४ दिवस, मग डॉक्टर, मग टेस्ट, मग रिपोर्ट. तिकडचा कावळा मात्र लागण झाली की बहुतेक वेळा आठवड्याभरात मरतो आणि सगळ्यांना दिसेल असा उघड्यावर पडतो. रामकुंडावर पिंडाला कावळा शिवायची वाट बघणाऱ्या गावच्या तुम्ही, कावळ्याकडे लक्ष ठेवायला तुम्हाला वेगळं शिकवायला नकोच.

हे शहाणपण तिकडे कसं आलं ते सांगतो कारण मला ती गोष्ट फार महत्त्वाची वाटते. १९९९ चा ऑगस्ट, न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग. फ्लशिंगच्या हॉस्पिटलमधे डॉ. डेबोरा अॅस्निस यांच्याकडे दोन वयस्कर पेशंट आले, ताप, भ्रम, हातापायातली ताकद गेलेली, नेहमीच्या कशात बसेना. त्यांनी लगेच शहराच्या आरोग्य खात्याला फोन केला. अजून पेशंट मिळत गेले, सगळे आसपासच्याच वस्तीतले आणि संध्याकाळी घराबाहेर बसणारे. ३ सप्टेंबरला जाहीर झालं, सेंट लुईस एन्सेफलायटिस, म्हणजे डासांतून पसरणारा एक मेंदूज्वर, आणि फवारणी सुरू झाली.

त्याच सुमाराला ब्राँक्स झूमधे ट्रेसी मॅकनमारा या प्राण्यांच्या पॅथॉलॉजिस्ट मेलेले कावळे तपासत होत्या, मग झूमधले फ्लेमिंगोही मरायला लागले. मेंदूत सूज, हृदयात रक्तस्राव. त्यांचा मुद्दा सरळ होता, सेंट लुईसने पक्षी मरत नाहीत, तर मग हे काय आहे? दुसरा एक संशय होता ईस्टर्न इक्वाइन या डासांतूनच पसरणाऱ्या दुसऱ्या मेंदूज्वराचा, पण त्याने एमू मरतात आणि झूमधले एमू तर धडधाकट होते. म्हणजे दोन्ही नाही. माणसांची फाइल एका टेबलावर, पक्ष्यांची दुसऱ्या, आणि दोन्ही एकाच रोगाच्या आहेत हे मानायला कुणी तयार नव्हतं. मॅकनमारांनी हार मानली नाही, वेगवेगळ्या लॅबना नमुने पाठवले, आणि सप्टेंबर संपता संपता कळलं की हा वेस्ट नाईल आहे. १९३७ साली युगांडात सापडलेला, अमेरिकेत तोवर कधीच न दिसलेला. त्या वर्षी ६२ जण आजारी पडले, ७ दगावले.

आधीच्या टेस्टने चकवलं ते का, तर हे व्हायरस एकाच घराण्यातले, सेंट लुईस, वेस्ट नाईल, आपला जपानी मेंदूज्वर, डेंगीसुद्धा, त्यांच्याविरुद्धच्या अँटीबॉडी एकमेकांच्या टेस्टमधे पॉझिटिव्ह येऊ शकतात. पक्षी नसते तर चुकीचं नाव कितीतरी दिवस तसंच राहिलं असतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

२००० पासून मग अमेरिकेत अर्बोनेट नावाची नोंदव्यवस्था आली, माणसं, पक्षी, घोडे, डास सगळं एका जागी. २००३ पासून रक्तदात्यांचं रक्तही तपासतात, त्यात मुळीच आजारी नसलेली माणसंसुद्धा सापडतात. काही राज्यांत कोंबड्या ठेवतात, दर एकदोन आठवड्यांनी थेंबभर रक्त काढायचं, कोंबडी आजारी पडत नाही पण अँटीबॉडी दिसल्या की समजायचं डास इथवर आला. आणि ट्रॅप तर असतातच, कुजलेल्या गवताच्या घाण पाण्याचं टब ठेवतात, वर छोटा पंखा. अंडी घालायला येणारी मादी त्यात ओढली जाते. तीच हवी असते, कारण ती आधी कुणाचं तरी रक्त पिऊन आलेली असते. डास थंड प्लेटवर ठेवून निवडायचे, जातीप्रमाणे पन्नासपन्नासच्या ट्यूब भरायच्या आणि मग ते डास बारीक वाटून त्यात व्हायरस शोधायचा.

अजून एक बघा लॉनवर. नारिंगी छातीचा रॉबिन हमखास दिसेल. तो सहसा मरत नाही, पण तिकडच्या डासांना व्हायरस पुरवण्यात त्याचा वाटा मोठा. वॉशिंग्टनच्या आसपास झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की उन्हाळा संपत आला की रॉबिन पांगतात आणि मग डास माणसांकडे वळतात. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर जपायचा काळ. साठीच्या पुढे धोका जास्त आणि माणसांसाठी लस नाही, तेव्हा संध्याकाळी बाहेर बसताना पूर्ण बाह्यांचं घाला, डासांचं क्रीम लावा, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा. डिपार्टमेंटचा माणूस कावळा न्यायला आलाच नाही तर लेकीला म्हणावं वाईट वाटून घेऊ नको, सगळे पक्षी तपासतातच असं नाही, नोंद झाली हेही कामाचंच.

प्रश्न: आमच्या धानाच्या बांध्यांत रोवणीच्या वेळी बगळ्यांचे थवेच्या थवे असतात. मागे गावात एका लेकराला मेंदूज्वर झाला तेव्हापासून लोक म्हणतात बगळ्यांनी आणला, त्यांचं चिंचेचं झाड तोडा. खरं आहे का? (भंडारा जिल्ह्यातून)

उत्तर: दादा, झाड तोडू देऊ नका, हात जोडून सांगतो. जपानी मेंदूज्वराचा व्हायरस बगळे, ढोकरी, रातबगळ्यात असतो हे खरं, पण झाड तोडलं तर बगळे पुढच्या झाडावर जातील, डास तुमच्याच बांधीत राहील. तो साचलेल्या पाण्यात वाढतो आणि गावाजवळ त्याला डुकरं मिळाली की व्हायरस खूप वाढतो. गाईम्हशींना तो चावतो पण त्यांच्यात व्हायरस पुढे जाण्याइतका वाढत नाही.

इथे अमेरिकेसारखं पक्षी मोजून भागत नाही, कारण बगळे या रोगाने आजारीच पडत नाहीत, कुठलाच बगळा मरून तुम्हाला सांगायला येणार नाही. म्हणून डासच धरावे लागतात. मी स्वतः हे काम केलंय. दिवस मावळला की गोठ्यात टॉर्च घेऊन शिरायचं, भिंतीवर, दावणीवर, म्हशीच्या पोटाखाली बसलेला डास काचेच्या नळीने अलगद तोंडाने ओढायचा, नळीत बारीक जाळी असते म्हणून तो तोंडात जात नाही. तासाभरात एका माणसाने किती धरले यावरून आकडा काढायचा. रोवणीनंतर तो आकडा कसा चढतो ते एकदा बघितलं की विसरत नाही माणूस.

तुम्ही करण्यासारखं म्हणजे डुकरांचे कोंडवाडे घरांपासून लांब, पोरं मच्छरदाणीत, आणि लस. जिथे सरकारी कार्यक्रम आहे तिथे बाळाला नवव्या महिन्यात पहिला डोस आणि दीड वर्षाच्या आसपास दुसरा मिळतो, आशाताईंना विचारा. लागण झालेल्या बहुतेकांना काही होत नाही, पण ज्याच्या मेंदूत गेला त्यातली ३० टक्क्यांपर्यंत माणसं दगावतात आणि वाचलेल्यांतली बरीच कायमची अधू होतात. ताप आणि झटके किंवा बडबड दिसली तर रात्रही थांबू नका.

प्रश्न: आमच्या दोडामार्गात माकड मेलेलं दिसलं की आरोग्य केंद्राला कळवतात. कावळा मेला तरी कळवायचा का?

उत्तर: कळवा. माकडतापाचं गणित तेच आहे, फक्त तिथे डासाऐवजी गोचीड आहे, माकडं आधी मरतात आणि मग काजूच्या बागेत जाणारी माणसं तापतात. १९५७ ला शिमोग्याकडे तो पहिल्यांदा कळला तोही मेलेल्या माकडांमुळेच.

वेस्ट नाईल आपल्याला अगदी परका नाही, केरळात २०११ ला अलप्पुळाकडे साथ होती आणि २०१९ ला मलप्पुरममधे एक लहान मुलगा त्यात गेला. पण महाराष्ट्रात कावळा मेला तर पहिली शंका बर्ड फ्लूची घ्यायची, जानेवारी २०२१ मधे दापोली, ठाणे, बीडकडे मेलेल्या कावळ्यांमधे तोच सापडला होता. त्यामुळे फोन जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात करा. एखादा कावळा वायरला चिकटूनही मरतो, पण दोनतीन दिवसांत चारपाच दिसले तर थांबू नका. फोटो काढा, तारीख, जागा आणि किती पक्षी ते सांगा, कुत्र्यामांजरांना जवळ जाऊ देऊ नका. उचलायला सांगितलंच तर हातात प्लास्टिकची पिशवी घालून पक्षी धरायचा, पिशवी तशीच उलटी करून आत घ्यायचा, वर दुसरी पिशवी बांधायची आणि हात साबणाने धुवायचे.