वर्ग चुकवू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. प्रार्थनेला बसलं की प्रबंध आठवतो, आणि प्रबंध उघडला की चॅपेलची ओढ लागते, असं लिहितोस. पहिल्याचं हसू आलं, ते सगळ्यांचंच होतं. दुसऱ्याची मात्र धास्ती वाटली.

येशूसंघ, म्हणजे आपली जेझुइट धर्मगुरूंची संस्था, उभारणाऱ्या इग्नेशियसचं आठव. तोफगोळ्यानं पाय मोडलेला, तिशी उलटलेला हा गडी बार्सिलोनात लॅटिन शिकायला बसला. व्याकरण पाठ करायला घेतलं की मनात भक्तीचे उमाळे दाटायचे. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतही, कधी एवढे येत नसत, तिथंच त्याला शंका आली. हा मोह आहे हे ओळखून तो मास्तरांकडे गेला, सगळं सांगितलं आणि वचन दिलं: पोटाला भाकरी-पाणी मिळतंय तोवर दोन वर्षं तुमचा एकही वर्ग चुकवणार नाही.

वर्ग चुकवू नकोस. तुला दुसरं काय सांगू?

मी चुकवले. नवा प्राध्यापक होतो. कुणी रिट्रीट (प्रार्थनेचं एकांत-शिबिर) द्यायला बोलावलं की भर सत्रात आठ-आठ दिवस निघायचो, वर स्वतःला फार धार्मिक समजायचो. एकदा परतलो तर एका विद्यार्थ्यानं प्रबंधाचं प्रकरण दाराखालून सरकवलेलं. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'वेळ मिळाल्यास'. मला वेळ मिळेपर्यंत पोरगा विद्यापीठ सोडून गेला होता. अकराव्या पानावर एका समीकरणात चिन्ह चुकलं होतं. दहा मिनिटांचं काम. ते प्रकरण अजून माझ्या कपाटात आहे.

तेव्हापासून वर्ग चुकवला नाही. रेक्टर, म्हणजे संस्थेचा प्रमुख, होतोस का म्हणून विचारणा झाली, मी नको म्हटलं. आज्ञापालनाचं व्रत आहे, हुकूम आला असता तर मुकाट गेलो असतो, आला नाही. (मी कटकट फार केली, म्हणूनही नसेल आला.) आमच्या धर्मगुरू-निवासातले म्हणतात, हा फादर चॅपेलपेक्षा उत्तरपत्रिकांत जास्त सापडतो. म्हणोत. पगार थेट येशूसंघाकडे जातो, तेव्हा पैशासाठी शिकवतो असं तरी कुणाला म्हणता येणार नाही. आपलाच जेझुइट क्लाव्हियस 1582 च्या नव्या कॅलेंडरसाठी आकडेमोड करत होता, तेव्हा त्याला कुणी विचारलं असेल का, तू धर्मगुरू की गणिती?

तू हे विचारत बसतोस याचा मला रागच येतो. चिडून लिहितोय, कारण तुझ्या वयात मीही हेच विचारत हिंडलो आणि तेवढ्यात तो पोरगा गेला.

तुझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण अर्धवट असलं तरी मला पाठव. वर पेन्सिलीनं काही लिहू नकोस.