ग्रान सास्सोच्या डार्क मॅटर प्रयोगासाठी इटलीला येताना

एम.एस्सी. संपत आलंय, ग्रान सास्सो पर्वताखालच्या प्रयोगशाळेत डार्क मॅटर (विश्वातलं न दिसणारं द्रव्य) शोधणाऱ्या झेनॉन-एनटी प्रयोगावर पीएच.डी. करायची आहे, तर इटलीतच राहावं लागेल का आणि तयारी कुठून सुरू करू, असं तुम्ही विचारलंत. आधी एक लक्षात घ्या: झेनॉन-एनटी हा प्रयोग कुणाला नोकरी देत नाही, देते ती त्यातली एखादी संस्था. उपकरण ला'क्विलाजवळ 1,400 मीटर खडकाखाली आहे, पण गट झुरिक, ॲमस्टरडॅम, म्युन्स्टर, न्यूयॉर्क असे विखुरलेले. कुणाकडे जाता त्यावर व्हिसा, पैसे आणि शिफ्टची (उपकरणावर पाळीने हजर राहण्याची) कटकट ठरते. डच, जर्मन किंवा स्विस निवास परवाना असेल तर 180 दिवसांत 90 दिवस इटलीत वेगळ्या व्हिसाशिवाय राहता येतं. अमेरिकेतून येणार असाल तर भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) लागतोच. शिफ्टची तारीख कळली की त्याच दिवशी अपॉइंटमेंट शोधायला लागा.

दुसरा प्रश्न कामाचा. साडेआठ टनांच्या आसपास झेनॉन वायू उणे 95 अंश सेल्सिअसजवळ द्रवरूपात ठेवायचा आणि त्यात झिरपणारा किरणोत्सारी रेडॉन वायू ऊर्ध्वपातनाने सतत काढत राहायचा, हे काम हवं असेल तर मुक्काम ला'क्विलातच हवा. विश्लेषण कुठूनही होतं. त्याचं सॉफ्टवेअर, स्ट्रॅक्स आणि स्ट्रॅक्सन, पायथनमध्ये आहे आणि सर्वांना खुलं आहे. मुलाखतीआधी उतरवून चाळा. 'मला डार्क मॅटरची आवड आहे' हे सगळेच सांगतात; कोडबद्दल नेमका प्रश्न विचारणारे थोडे.

इटलीच ठरली, तर ला'क्विलातच ग्रान सास्सो सायन्स इन्स्टिट्यूट आहे, शिक्षण इंग्रजीत. इटलीत पीएच.डी.ची किमान शिष्यवृत्ती 2022पासून वर्षाला 16,243 युरो. तिच्यावर आयकर नाही, पण सामाजिक विम्याची वर्गणी कापली जाते. हातात महिना 1,200 युरोंच्या आसपास धरा.

खरी गंमत कागदांत. पदवीवर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का) हवं, शिवाय पदवीची पातळी सांगणारं इटालियन वाणिज्य दूतावासाचं मूल्यपत्र किंवा परदेशी पदव्या तपासणाऱ्या चिमेआ या इटालियन केंद्राचं तुल्यता प्रमाणपत्र. विद्यापीठ पदवी प्रमाणपत्र उशिरा देतं, म्हणून निकालाची वाट न बघता मागच्या पदवीचं काम आधी उरकून घ्या.

आपल्याकडची खास अडचण वडिलांच्या नावाची. इटलीचा करक्रमांक, कोदिचे फिस्काले, आडनाव-नावाच्या व्यंजनांवरून तयार होतो. नाव फक्त 'अमोल' असेल तर त्या भागात एम-एल-ए येतं (राजकारणाशी संबंध नाही), 'अमोल विठ्ठल' असेल तर एम-व्ही-टी. एका कागदावर वडिलांचं नाव आणि दुसऱ्यावर नाही, असं झालं की क्रमांक दोन होतात आणि बँक, घरभाड्याचा करार, विमा सगळं अडतं. अर्ज, पदवी, करार, जिथे जिथे नाव लिहाल तिथे पासपोर्टप्रमाणेच लिहा, एका अक्षराचाही फरक नको.

पोहोचल्यावर कामाच्या 8 दिवसांत पोस्टातून निवास परवान्याचा अर्ज भरायचा. तिथे मिळालेली पावती जपा, क्वेस्तुरात (पोलीस मुख्यालयात) बोटांचे ठसे द्यायला तीच लागते. कार्ड यायला महिने जातात. तोवर पावतीवर भारतात जाऊन येता येतं, पण व्हिसाची मुदत संपली असेल तर वाटेत दुसऱ्या शेंगेन देशात विमान बदलता येत नाही. फ्रँकफर्टमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तरी नको. रोमहून दोहा किंवा दुबईमार्गे या.

घर ला'क्विलात घ्या. रोमच्या तिबुर्तिना स्थानकावरून बसने साधारण दीड तास. शहर 700 मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात बर्फ पडतो. 2009च्या भूकंपानंतर बांधलेल्या किंवा मजबूत केलेल्या इमारती बघा, घरमालकाला तसं थेट विचारलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही.

गाडीचं मात्र आधी ठरवा. प्रयोगशाळेच्या भूमिगत दालनांची वाट महामार्गाच्या बोगद्यातूनच जाते. भारतीय लायसन्स आंतरराष्ट्रीय परवान्यासह निवास नोंदणीनंतर एकच वर्ष चालतं, इटालियन लायसन्सशी अदलाबदल होत नाही. लेखी परीक्षा इटालियनमध्ये असते: 30 विधानं, खरं-खोटं, चुका जास्तीत जास्त 3. भाषेचा वर्ग पहिल्याच सहामाहीत लावा.